आधी मोजा, मग फिरवा: गेममधली चिनी अंककोडी कशी सोडवायची

बंद दार. दारावर तीन बाय तीनच्या नऊ खाचा, खाली ठिपके कोरलेल्या टाइलचा ढीग, शेजारी दगडी कासव. चीनच्या पार्श्वभूमीवरच्या गेममध्ये असं काही समोर आलं की बहुतेक जण हाताला येईल ती टाइल कुठेही बसवून बघतात, नाहीतर गेम थांबवून व्हिडिओ शोधतात. पहिल्या वाटेने नऊ टाइलच्या ३,६२,८८० मांडण्या होतात. दुसऱ्या वाटेने दार उघडतं, पण पुढच्या खोलीत तेच कोडं वेगळ्या नक्षीत आलं की पुन्हा व्हिडिओ.

ही कोडी गेम बनवणाऱ्यांच्या डोक्यातून निघालेली नसतात. चीनमध्ये शेकडो वर्षं वापरात असलेले चार-पाच तक्ते आहेत, त्यातलाच एखादा उचललेला असतो. नक्षी, रंग, धूळ, मशाली बदलतात. तक्ता बदलत नाही. त्यामुळे कशालाही हात लावण्याआधी चिन्हं किती आहेत ते मोजायचं. नऊ असतील तर लो शूचा चौरस. आठ असतील तर बाग्वा, म्हणजे तीन-तीन रेघांची आठ चिन्हं. रेघा सहा-सहाच्या गठ्ठ्यात असतील तर यी चिंग या जुन्या चिनी शकुनग्रंथातल्या ६४ आकृत्या. पाच असतील तर पंचतत्त्वं. दहा आणि बारा घरांची चाकं दिसली तर साठ वर्षांचं चक्र. एवढं ठरलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे दिशा आणि वाचनाचा क्रम, आणि गाडी अडते ती बहुधा तिथेच.

नऊ घरांचा चौरस

कथा अशी: यू राजाच्या काळी लो नदीतून एक कासव वर आलं, त्याच्या पाठीवर ठिपक्यांचे नऊ गट होते. पारंपरिक चित्रात विषम आकड्यांचे ठिपके पांढरे आणि सम आकड्यांचे काळे असतात. टाइलवर आकडे नसून ठिपके असतील तर रंगावरूनच अर्धी वाटणी होते. मांडणी अशी:

४ ९ २
३ ५ ७
८ १ ६

आडवी, उभी, तिरपी, कुठलीही ओळ घ्या, बेरीज १५. पाठ करायची तर तीन नियम पुरतात: मधोमध ५, समोरासमोरच्या दोन घरांची बेरीज १०, आणि चारही कोपरे सम. चिनी परंपरेत यासाठी एक तुकडा आहे: डोक्यावर नऊ, पायाखाली एक, डावीकडे तीन, उजवीकडे सात, दोन-चार खांदे, सहा-आठ पाय. दोन आणि चारमधला डावा खांदा कोणता हे त्यात सांगितलेलं नाही, पण सांगायची गरजही नाही. डावीकडे ३ आहे, वर २ किंवा ४, खाली ६ किंवा ८. बेरीज १५ फक्त ४, ३, ८ नेच होते.

काहीच आठवत नसेल तर यांग ह्वी या गणितज्ञाने १२७५ साली दिलेली युक्ती कागदावर करून बघा. १ ते ९ आकडे हिऱ्याच्या आकारात तिरपे मांडा: सर्वांत वर १, त्याखाली ४ आणि २, मधल्या ओळीत ७, ५, ३, मग ८ आणि ६, तळाला ९. आता वरचा १ आणि खालचा ९ यांची अदलाबदल, डावा ७ आणि उजवा ३ यांची अदलाबदल. ४, २, ८, ६ हे चार आकडे बाहेर कोपऱ्यांत ढकला. चौरस तयार.

(हाच चौरस सध्या आपल्याकडे अंकशास्त्रवाल्यांच्या व्हिडिओंमध्ये ‘लो शू ग्रिड’ म्हणून फिरतो आणि त्यात जन्मतारखेचे आकडे भरले जातात. गेममधल्या कोड्यात तो प्रकार सहसा नसतो, तेव्हा पात्राची जन्मतारीख शोधत बसू नका. आणि जादूचे चौरस ही एकट्या चीनची मिरासदारी नाही: नारायण पंडितांनी १३५६ च्या ‘गणितकौमुदी’त ‘भद्रगणित’ नावाचं अख्खं प्रकरण त्यांना दिलं आहे.)

आता अडचण. बेरीज सगळीकडे १५ येते, तरी दार उघडत नाही. कारण हा चौरस फिरवून आणि आरशात उलटवून एकूण आठ प्रकारे मांडता येतो, आणि आठही बरोबर असतात. काही गेम फक्त बेरजा तपासतात, त्यांना आठांतला कुठलाही चालतो. काही गेम साठवलेल्या एकाच मांडणीशी घर-न्-घर ताडून बघतात. अशा वेळी दिशा शोधायची. जुन्या चिनी नकाशात दक्षिण वर असते, उत्तर खाली, त्यामुळे पूर्व डावीकडे येते. वरच्या मांडणीत ९ दक्षिणेचा, १ उत्तरेचा, ३ पूर्वेचा, ७ पश्चिमेचा. खोलीत होकायंत्र असेल किंवा नकाशावर उत्तर वर दाखवली असेल तर अख्खा चौरस १८० अंशांत फिरवा:

६ १ ८
७ ५ ३
२ ९ ४

इथे एक सापळा आहे. फक्त वरची आणि खालची ओळ बदलली तर ८ १ ६, ३ ५ ७, ४ ९ २ असं मिळतं. १ वर, ९ खाली, बेरजा चोख. पण ती आरशातली प्रतिमा आहे, पूर्वेचा ३ पश्चिमेला गेला. एकाच दिशेवर समाधान मानू नका, शेजारची दुसरी दिशाही पडताळा.

टाइल उचलून ठेवता येत नसतील, सरकवायच्या असतील आणि मधलं ५ चं घर रिकामं असेल, तर आठांतल्या चारच मांडण्या गाठता येतात, उरलेल्या चार कधीच नाहीत. कुठल्या चार, ते असं काढा. मधलं घर रिकामं असताना आठ आकडे डावीकडून उजवीकडे, वरून खाली एका ओळीत लिहा. मोठा आकडा लहानाच्या आधी आलाय अशा जोड्या मोजा. संख्या विषम आली तर मूळ मांडणी आणि तिची फिरवलेली रूपं मिळतील. सम आली तर आरशातली. टाइल कितीही सरकवली तरी या संख्येची सम-विषमता बदलत नाही: आडवी सरकवली तर ओळीतला क्रम तोच राहतो, उभी सरकवली तर ती टाइल नेमक्या दोन टाइल ओलांडते. मूळ मांडणीत अशा जोड्या १५ आहेत, म्हणजे विषम. हे दोन मिनिटांचं काम अर्ध्या तासाची सरकासरकी वाचवतं.

आकडे १ ते ९ नसून ३, ६, ९ असे २७ पर्यंत असतील तरी घाबरायचं कारण नाही. अंतर समान असेल तर चढत्या क्रमाने लावा. सर्वांत लहान तो ‘१’, पुढचा ‘२’. मधोमध मधला आकडा, आणि ओळीची बेरीज त्याच्या तिप्पट.

आठ चिन्हं, दोन मांडण्या

बाग्वामध्ये प्रत्येक चिन्ह तीन रेघांचं. सलग रेघ यांग, मध्ये तुटलेली यिन. तिन्ही सलग म्हणजे आकाश, तिन्ही तुटक म्हणजे पृथ्वी, मधली तुटक तर अग्नी, मधलीच सलग तर पाणी. ही चार चिन्हं उलटी धरली तरी तीच राहतात, आणि दक्षिण कोरियाच्या झेंड्यावर हीच चार आहेत. उरलेल्या चारांत घोटाळा होतो. फक्त तळाची रेघ सलग ती मेघगर्जना, फक्त वरची सलग तो पर्वत. खालच्या दोन सलग ते सरोवर, वरच्या दोन सलग तो वारा. चिन्ह उलटं वाचलं की गर्जनेचा पर्वत होतो आणि सरोवराचा वारा.

म्हणून पक्का नियम: रेघा खालून वर वाचायच्या. चिन्हं गोल चकतीवर असतील तर केंद्राकडची रेघ ती तळाची. कॅमेरा चकतीच्या पलीकडच्या बाजूला गेला की डोळे हमखास फसतात. त्यापेक्षा स्क्रीनशॉट काढून केंद्राकडून बाहेर वाचत जा.

ही आठ चिन्हं वर्तुळात मांडायच्या दोन पद्धती आहेत. ‘आधीच्या आकाशाची’ म्हणतात ती फूशी या दंतकथेतल्या राजाच्या नावाची, आणि ‘नंतरच्या आकाशाची’ ती ‘वन’ नावाच्या प्राचीन चिनी राजाच्या नावाची. कोड्यात कोणती आहे हे ओळखायला आकाशाच्या समोर काय आहे ते पाहा. समोर पृथ्वी असेल तर पहिली. समोर वारा असेल तर दुसरी. पहिलीत प्रत्येक चिन्हासमोर त्याचं पूर्ण उलट चिन्ह येतं, सलगच्या जागी तुटक. दुसरीत असं फक्त अग्नी आणि पाण्याचं होतं.

याचं महत्त्व आकड्यांत आहे, कारण दोन्ही पद्धतींचे आकडे वेगळे. दुसऱ्या मांडणीला लो शूचे आकडे लागतात: पाणी १ (उत्तर), पृथ्वी २ (नैर्ऋत्य), गर्जना ३ (पूर्व), वारा ४ (आग्नेय), आकाश ६ (वायव्य), सरोवर ७ (पश्चिम), पर्वत ८ (ईशान्य), अग्नी ९ (दक्षिण). पाच कुणालाच नाही, ते केंद्र. त्यामुळे कुलपाच्या आकड्यांत ९ असेल तर पहिली मांडणी बादच.

पहिल्या मांडणीचे आकडे १ ते ८: आकाश, सरोवर, अग्नी, गर्जना, वारा, पाणी, पर्वत, पृथ्वी. हे पाठ करायची गरज नाही, काढता येतात. तळाची रेघ सलग असेल तर ४, मधली सलग असेल तर २, वरची सलग असेल तर १. बेरीज करा आणि ८ मधून वजा करा. पाण्याची फक्त मधली सलग, म्हणून ८ − २ = ६. आकाशाचे ४ + २ + १ = ७, म्हणून १. ही सरळ द्विमान पद्धत आहे, संगणक वापरतो तीच. हा क्रम अकराव्या शतकातल्या शाओ युंग या चिनी विचारवंताच्या नावाने ओळखला जातो. त्याची आकृती बूव्हे या फ्रेंच जेझुइट मिशनऱ्याने जर्मन गणितज्ञ लायब्निट्झला पाठवली, आणि १७०३ सालच्या द्विमान अंकगणितावरच्या लेखात लायब्निट्झने तिचा संबंध जोडला.

थोडक्यात, भिंतीवरचं ‘पाणी’ म्हणजे एकतर १ किंवा ६. चार आकड्यांचं कुलूप उघडत नसेल तर चिन्हं चुकली असं समजण्याआधी दुसऱ्या मांडणीचे आकडे टाकून बघा.

सहा रेघा

दोन त्रिरेखा एकावर एक ठेवल्या की षट्‌रेखा होते; ८ × ८ = ६४. हिंटमध्ये ‘अकरावी आकृती’ असं काही असेल तर द्विमान हिशोब करू नका. यी चिंगचा रूढ क्रम द्विमान क्रमाने जात नाही, त्याचा तक्ताच बघावा लागतो. इथे वर-खाली महाग पडतं: पृथ्वी वर आणि आकाश खाली ती ११ वी, आकाश वर आणि पृथ्वी खाली ती १२ वी. पाणी वर, अग्नी खाली ती ६३ वी. उलट केली की ६४ वी.

कधी भिंतीवर नुसते सहा आकडे असतात, सगळे ६, ७, ८, ९ यांपैकीच. हा नाण्यांच्या पद्धतीचा मागमूस आहे. तीन नाणी उडवायची, एका बाजूचे ३, दुसरीचे २ धरून बेरीज करायची. ती ६ ते ९ मध्येच येते. विषम बेरीज म्हणजे सलग रेघ, सम म्हणजे तुटक. त्यातले ६ आणि ९ ‘बदलणारे’: ६ ची तुटक रेघ दुसऱ्या आकृतीत सलग होते, ९ ची सलग तुटक होते. समजा खालून वर ७, ७, ९, ८, ८, ८ आहेत. पहिली आकृती: खाली आकाश, वर पृथ्वी, म्हणजे ११ वी. तिसरी रेघ बदलली की खाली सरोवर, वर पृथ्वी, म्हणजे १९ वी. उत्तर बहुतेक वेळा ही दुसरी आकृती असते. पहिलीवर थांबलं तर सगळं बरोबर करूनही दार बंदच राहतं.

पाच, पण आपली पाच नव्हेत

पंचमहाभूतं डोक्यात पक्की असलेल्या मराठी खेळाडूची इथे चूक होते. चिनी पाचांत वायू नाही, आकाश नाही. आहेत ती लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. याच क्रमाने एकातून दुसरं जन्मतं: लाकडाने आग, आगीची राख म्हणजे माती, मातीतून धातू, धातूवर पाणी साचतं, पाण्याने झाड. पाच चिन्हं या क्रमाने वर्तुळात मांडा आणि एक सोडून एक जोडा, की मात करण्याचं चक्र मिळतं: लाकूड मातीवर, माती पाण्यावर, पाणी अग्नीवर, अग्नी धातूवर, धातू लाकडावर. ‘वो लाँग: फॉलन डायनॅस्टी’ (२०२३) मधल्या जादूची लढाई याच दुसऱ्या चक्रावर चालते, आणि ‘सिफू’च्या (२०२२) पाच मुख्य शत्रूंमागेही हीच पाच तत्त्वं आहेत. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’चे सात घटक मात्र वेगळेच, त्याला हा तक्ता लावू नका.

मशाली किंवा दिवे ठरावीक क्रमाने पेटवायचे असतील तर हिंटमधलं क्रियापद बघा. ‘पोसतो’, ‘जन्म देतो’ असलं काही असेल तर पहिलं चक्र. ‘जिंकतो’, ‘तोडतो’ असेल तर दुसरं. रंगांचा घोळ याहून मोठा. पाण्याचा रंग काळा, धातूचा पांढरा, मातीचा पिवळा, अग्नीचा लाल. लाकडाचा रंग चिनीत ‘छिंग’, आणि तो हिरवाही असतो, निळाही. निळा दिवा पाहिला की हात आपसूक पाण्याकडे जातो. तो बहुधा लाकडाचा असतो.

पाचांचे आकडे हो तू नावाच्या आणखी एका जुन्या आकृतीतून येतात: पाणी १ आणि ६, अग्नी २ आणि ७, लाकूड ३ आणि ८, धातू ४ आणि ९, माती ५ आणि १०. प्रत्येक जोडीत पाचाचं अंतर. म्हणजे एकट्या ‘अग्नी’चे आतापर्यंत चार आकडे झाले: त्रिरेखा असेल तर ३ किंवा ९, रंग किंवा तत्त्व असेल तर २ किंवा ७. म्हणून शब्दावर जाऊ नका, चिन्ह कोणत्या संचातलं आहे ते पाहा.

दहा आणि बारा

दोन चाकं, एकावर दहा खुणा, दुसऱ्यावर बारा, बहुधा प्राण्यांची. हे साठ वर्षांचं चक्र. आपल्याकडे प्रभव-विभवपासून साठ संवत्सरं आहेत, पण ती गुरूच्या भ्रमणावरून आली. चिनी साठ हा दहा आणि बारा यांचा लघुतम सामाईक विभाज्य. चाकं एकेक घर बरोबरीने फिरतात, त्यामुळे १२० पैकी साठच जोड्या शक्य असतात: विषम घराबरोबर विषम, समाबरोबर सम. एक चाक विषम आणि दुसरं सम मागत असेल तर एखादी खूण चुकीची वाचली आहे, पुढे जाऊ नका.

प्राणी क्रमाने: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, शेळी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. दहांच्या चाकावर दोन-दोन घरांना एक तत्त्व: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. वर्ष दिलं असेल तर त्यातून ३ वजा करा. दहाने भागून उरेल ते एक घर, बाराने भागून उरेल ते दुसरं. बाकी शून्य आली तर शेवटचं घर. २०२४ − ३ = २०२१; बाकी १ आणि ५, म्हणजे लाकूड आणि ड्रॅगन. तत्त्व तर शेवटच्या अंकावरूनही कळतं: ४-५ लाकूड, ६-७ अग्नी, ८-९ माती, ०-१ धातू, २-३ पाणी. तारीख जानेवारीतली किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीची असेल तर सांभाळा, चिनी वर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांदरम्यान कधीतरी सुरू होतं, तोवर आधीचाच प्राणी.

उलटा प्रश्नही येतो: धातूचं पहिलं घर (७ वं) आणि वाघ (३ रा) ही जोडी चक्रात कितवी? वाघाच्या ३ पासून सुरू करा, बारा-बारा मिळवत जा, शेवटी ७ येईपर्यंत: ३, १५, २७. उत्तर २७. हीच जात ‘३ ने भागून २, ५ ने भागून ३, ७ ने भागून २ उरतात, संख्या कोणती’ या सुन्झी नावाच्या चिनी गणितज्ञाच्या जुन्या कोड्याची. बाक्यांना अनुक्रमे ७०, २१, १५ ने गुणा, बेरीज २३३, त्यातून १०५ जमेल तितक्या वेळा वजा करा: २३. आर्यभटांचं ‘कुट्टक’ याच प्रश्नांसाठी आहे.

प्राणी घड्याळावर असतील तर प्रत्येकाचे दोन तास. उंदीर मध्यरात्रीचा, पण रात्री ११ ते १. त्याला १२ ते २ धरलं की पुढचे सगळे एकेक तास सरकतात. घोडा सकाळी ११ ते दुपारी १.

राहिलेल्या गोष्टी

आधुनिक शहरातल्या गेममध्ये तक्ते नसतात, उच्चार असतात. ४ चा उच्चार ‘मृत्यू’सारखा, म्हणून लिफ्टमध्ये चौथ्या मजल्याचं बटण गायब; ८ भरभराटीचा; ५२० म्हणजे ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’; २५० ही शिवी. फोनचं किंवा तिजोरीचं कुलूप अडलं तर एवढं पुरतं.

आठ दारांचा चक्रव्यूह मात्र बाग्वाच्या चिन्हांनी सुटत नाही. दारांची नावं विश्रांती, जीवन, इजा, अडथळा, देखावा, मृत्यू, भय, उघड. चीनमधल्या तीन राज्यांच्या युद्धांवरच्या प्रसिद्ध जुन्या कादंबरीच्या ३६ व्या प्रकरणात हिशोब दिला आहे: जीवन, देखावा, उघड यांतून शिरलं तर शुभ, इजा, भय, विश्रांती यांतून शिरलं तर जखमी, अडथळा आणि मृत्यू यांतून गेलं तर संपलंच. भविष्य बघण्याच्या ‘छीमन’ पद्धतीत मात्र विश्रांतीचं दार शुभ तिघांत येतं. म्हणजे गेम त्या युद्धकथेवर बेतलेला असेल तर विश्रांती टाळा, ज्योतिषावर असेल तर चालेल. जीवनाचं दार दोन्हीकडे सुरक्षित आहे, पण दारं दर फेरीला जागा बदलू शकतात, तेव्हा दिशेवर विसंबू नका, दारावरचं नाव वाचा, आणि शिरण्याआधी सेव्ह करा.